पट्टा पडल्यावरची ट्रायल

निवड चाचणीला पोरगं आलं की आधी त्याचा खेळ कुणी बघत नाही, कागद बघतात. आधार कार्ड, जन्माचा दाखला, मुख्याध्यापकांच्या सहीचं बोनाफाईड. वयोगटाची रेघ बहुतेक वेळा एक जानेवारीवर मारलेली असते. ठरलेल्या वर्षी त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेला आत, आदल्या दिवशीचा बाहेर. मराठवाड्यात हे कागद तपासायला बसणाऱ्यांचा एक जुना विनोद आहे: आमच्याकडं सगळी पोरं एकाच दिवशी जन्मतात, एक जूनला. शाळा जूनमध्ये उघडायची, बाप पोराला घेऊन यायचा, जन्माची तारीख घरात कुणाच्या लक्षात नसायची. मग गुरुजी पोराला एकवार खालीवर न्याहाळायचे, वर्षाचा अंदाज बांधायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. आजच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांबाबत हे फारसं खरं राहिलेलं नाही. बाळंतपणं दवाखान्यात होतात, तारीख तिथंच कागदावर चढते. पण त्यांच्या आईबापांच्या आणि कधी कधी निवड करणाऱ्यांच्याही आधार कार्डावर एक जून अजून भेटतो.

हा विनोद इथं काढायचं कारण असं, की लहान मुलांच्या संघनिवडीवर जगभर जो अभ्यास झालाय, त्यातला मोठा भाग नेमका जन्मतारखेवर आहे. १९८५ साली रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा मांडल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसली. फुटबॉलमध्ये याचा सगळ्यात बोलका पुरावा बेल्जियममधला. तिथं वयोगटाची रेघ आधी एक ऑगस्टवर होती. १९९७ मध्ये ती एक जानेवारीवर आणली. त्याबरोबर निवडली जाणारी मुलंही बदलली. आधी ऑगस्ट-सप्टेंबरची मुलं गुणी ठरत होती, मग जानेवारी-फेब्रुवारीची ठरू लागली. देश तोच, प्रशिक्षक बहुतेक तेच. निवडणाऱ्यांना वाटत होतं आपण खेळ निवडतोय. बऱ्याच अंशी ते सहा-आठ महिने आधी जन्मलेली उंची निवडत होते. त्यात या वयात मुलं मोठी होतात तीही एका वेळी नाही. एकाच वर्गातल्या, एकाच महिन्यातल्या दोन मुलांत एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसरा अजून आईच्या कमरेशी असतो. दाखल्यावर वय एक, अंगात तीन-चार वर्षांचा फरक.

वय लपवणं हा त्याहून वेगळा रोग. त्यासाठी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय ताडायची टीडब्ल्यू-३ ही पद्धत आपल्याकडं फुटबॉलमध्येही वापरतात, क्रिकेटमध्येही. फिफा सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात २००९ पासून एमआरआय करते. ते झालं वरच्या पातळीचं. गावच्या मैदानावर एक्स-रे नसतो, सरांची नजर असते.

ती नजर बघायला मी लिंबागणेशला गेलो. फुटबॉलसाठी लिंबागणेशचं नाव कुणी घेत नाही. बीड तालुक्यातलं हे गाव मांजरसुंब्याहून पाटोद्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या रांगांत. बाहेरचे लोक येतात ते भालचंद्र गणपतीच्या दर्शनाला. रान मुरमाड आणि पावसाच्या भरवशावरचं. सोयाबीन, कापूस, तूर, बांधाला आणि डोंगराला सीताफळं. खेळ म्हणाल तर या पट्ट्यात कुस्ती, कबड्डी, व्हॉलीबॉल आणि सगळीकडं असतं तसं टेनिस चेंडूवरचं क्रिकेट. फुटबॉल इकडच्या गावांत शिरला तो दोन वाटांनी. एक सरकारी. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक भारतात व्हायचा होता. त्याच्या तीन आठवडे आधी, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारनं ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ नावाचा दिवस साजरा केला. एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा, त्यासाठी शाळाशाळांत चेंडू पोचवले गेले. त्या चेंडूंचं पुढं काय झालं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. काही फुटले, काही अजून कपाटात नवे आहेत, कारण हिशेब द्यावा लागेल या भीतीनं ते कुणी बाहेरच काढले नाहीत. दुसरी वाट मोबाईलची. मेस्सी आणि रोनाल्डो यांच्यावरून भांडायला गावात चेंडू असावा लागत नाही.

ज्या सरांबरोबर मी मैदानाच्या कडेला उभा राहिलो त्यांनी नाव छापू नका म्हणून बजावलं. “मला गावात राहायचंय,” ते म्हणाले. “ज्याचं पोरगं घेतलं नाही, त्याच्याच हॉटेलात मी सकाळचा चहा पितो.”

मैदान म्हणजे शाळेमागची मुरमाची सपाट जागा. एका अंगाला बाभळी, दुसऱ्या अंगाला सोयाबीन. गोलपोस्टला दोन बांबू आहेत, वरचा आडवा दांडा नाही. त्यामुळं चेंडू गोलकीपरच्या हातावरून गेला की तो गोल की बाहेर, यावर रोज भांडण. फक्की पहिल्या सरीत वाहून जाते म्हणून सर बुटाच्या टाचेनंच रेघा ओढतात. शाळेकडं दोन चेंडू, दोन्ही पाच नंबरचे. या वयाला खरं तर चार नंबरचा चेंडू लागतो. पाच नंबरचा ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा आणि ४१० ते ४५० ग्रॅमचा. चार नंबरचा घेरानं ६६ च्या आत, वजनानं ३९० च्या आत. हा फरक वाचायला किरकोळ वाटतो. बारा वर्षांच्या, अंगानं बारीक पोराला लांब पास देताना तो पायाच्या बोटांत कळतो. हवा रस्त्यावरच्या टायरवाल्याकडं भरतात. सुई सरांच्या खिशात असते, कारण ती हरवली की सराव बंद. टायरवाला ट्रकच्या सवयीनं दाबून हवा भरतो आणि मग तो चेंडू मुरमावर कोंबड्यासारखा उडतो.

जर्सीवरचे आकडे वगैरे काही नाही. सर मार्करनं प्रत्येकाच्या दंडावर आकडा लिहितात आणि वहीत आकड्यापुढं नाव. याचं कारण त्यांनी सांगितलं ते मला पटलं. नावानं बघितलं की घर दिसतं. हा अमक्याचा, हा तमक्या गल्लीतला. आकड्यानं बघितलं की निदान अर्धा तास तरी पाय दिसतात. अर्धा तासच, कारण त्यानंतर घामानं आकडे जातात.

“सर, मपला नंबर पुसला,” एक जण दंड पुढं करत आला.

“कितवा होतास?”

“तेवीस.”

“मग तेवीसच हाईस. जा खेळ.”

हा तेवीस नंबर अनवाणी होता. पहिल्या दिवशीच्या तीस मीटर धावण्यात तो शेवटून दुसरा आला. सहा गुणिले दहा मीटरच्या शटलमध्ये मुरमावरून घसरून त्यानं गुडघा फोडून घेतला. या दोन्ही चाचण्यांत पहिला आला तो शाळेच्या कबड्डी संघातला चढाई करणारा मुलगा. वळण्यात असा की बघत राहावं. कागदावर निवड तिथंच झाली असती. दुपारनंतर सरांनी चार-चार जणांचे संघ पाडून लहान मैदानात खेळ लावला. दर आठ मिनिटांनी संघ मोडायचे आणि नवे करायचे. कबड्डीवाल्या पोराच्या पायाला चेंडू लागायचा आणि भिंतीला लागल्यासारखा परत यायचा. चेंडू गेला की तो उभा. तेवीस मात्र ज्या संघात जाईल तो संघ बरा खेळू लागे. तो फार काही करत नव्हता. ज्याच्याकडं चेंडू असेल त्याला दिसेल अशा जागी जाऊन उभा राहायचा, चेंडू आला की एका ठोक्यात पुढं द्यायचा आणि पुन्हा दुसऱ्या मोकळ्या जागी. टाळ्या मिळाव्यात असं त्यात काहीच नव्हतं. आठ मिनिटांनी संघ बदलला की ही गोष्ट लक्षात येते, नाहीतर येतच नाही. चांगल्या संघातलं साधारण पोरगंही चांगलं दिसतं आणि रड्या संघातलं चांगलं पोरगं रडतंच.

सरांच्या वहीत तीन खुणा होत्या. चेंडू पायात असताना काय करतो, चेंडू नसताना काय करतो, आणि चेंडू गमावल्यावर पहिल्या पाच पावलांत काय करतो. तिसरी खूण त्यांची स्वतःची. शिव्या देणारा, कमरेवर हात ठेवून उभा राहणारा आणि उलटा पळत सुटणारा, असे तीन प्रकार. “पळणारा पाहिजे. बाकीचं शिकवता येतं,” असं त्यांचं मत. चेंडू पायात खेळवणं मात्र उशिरा शिकवता येत नाही असं मी बऱ्याच प्रशिक्षकांकडून ऐकलंय, आणि या मुद्द्यावर सरांचं पूर्ण पटलं असं नाही. पण एक बरं, की त्यांची चाचणी एका सकाळीत संपत नाही. आठवडाभर शाळा सुटल्यावर खेळ चालतो आणि वही भरत जाते. एका दिवसाच्या चाचणीत रात्री झोप न झालेलं, घाबरलेलं, सकाळी उपाशी आलेलं पोरगं जातं. आठवड्याच्या चाचणीत ते सापडायची शक्यता तरी राहते.

मोजमापाला मी नावं ठेवत नाही. पुण्याच्या बालेवाडीत आणि राज्यात इतरत्र चालणाऱ्या शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनीत लहान मुलांची निवड होते ती याच प्रकारच्या कसोट्यांवर: उंची, वजन, ३० मीटर धाव, ८०० मीटर धाव, ६ बाय १० मीटर शटल रन, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता. सेकंद आणि सेंटिमीटर कुणाचा मामा बघत नाहीत. वशिल्याच्या मुलखात ही फार मोठी सोय आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव या प्रबोधिनीतून पुढं गेला. वडील रिक्षा चालवणारे. ६ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत अमेरिकेविरुद्ध भारतीय संघ उतरला, फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिला सामना, त्यात तो होता. पण अनिकेतचं उदाहरण देताना एक गोष्ट गाळली जाते, ती म्हणजे कोल्हापूर. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ, शाहू स्टेडियम, १९४० पासूनची कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, आणि पेठेच्या सामन्याला उसळणारी गर्दी. तिथल्या पोराला चेंडूशी ओळख चाचणीच्या दिवशी करून घ्यावी लागत नाही. गल्लीनं त्याला आधीच पाच-सहा वर्षं तपासलेलं असतं. प्रबोधिनीच्या कसोट्या तिथं फक्त अंग मोजतात, खेळ आधीच आलेला असतो. लिंबागणेशात अंग आहे, पळ आहे, गल्ली नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. या भागाला निवडीची एक जुनी, उघड्यावरची पद्धत ठाऊक आहे: जत्रेतला कुस्त्यांचा हगामा. सुरुवातीला रेवड्यांवरच्या कुस्त्या असतात, अगदी सात-आठ वर्षांच्या पोरांच्या. हलगी वाजत असते. कुणीतरी जाणता माणूस दोन पोरांचे हात धरून त्यांना समोरासमोर उभं करतो, खांदे बघतो, दंड चाचपतो, आणि जोड बसत नसेल तर एकाला परत पाठवून दुसरा बोलावतो. वय विचारत नाही, दाखला मागत नाही. अंगाला अंग भिडतंय का एवढंच बघतो. जो पडतो त्याच्याही हातावर रेवड्या पडतात. पुढच्या जत्रेला तो पुन्हा येतो. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं, ते मॅटवर आणि वजनगटात. पण त्यामागची माती या जत्रांची आहे. इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगच्या अकादमींनी दहा-अकरा वर्षांपूर्वी मुलांना जन्मवर्षाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गटांत बसवून सामने खेळवून पाहिले, तेव्हा त्याची क्रीडाशास्त्रात मोठी चर्चा झाली. त्याला बायो-बँडिंग म्हणतात. आमच्या जत्रेतला तो धोतरवाला माणूस दुसरं काय करत होता? सरांना मी हे सांगितलं तर ते हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी एक खेळ जन्मवर्ष बाजूला ठेवून अंगाप्रमाणे जोड लावून खेळवला. मोठ्या अंगाच्या दोघा-तिघांचा रुबाब उतरला. आजवर ते जोरावर खेळत होते हे त्यांनाही त्या दिवशी कळलं असावं.

बीड जिल्ह्याला धावणाऱ्यांची कमी नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२३ च्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्ण घेऊन आला, २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावला. त्याची धाव लोकांच्या नजरेत आली ती बारावीनंतर सैन्यात गेल्यावर, महार रेजिमेंटमध्ये, २०१५ च्या सुमारास क्रॉस कंट्री पळायला लागल्यावर. तेव्हा तो विशीच्या पुढं होता. तेराव्या वर्षीच्या निवडीवर जीव टाकणाऱ्यांनी हे वय वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. धावण्यात उशिरा सापडलं तरी चालतं. फुटबॉलमध्ये उशीर महागात पडतो हेही खरं, पण म्हणून तेराव्या वर्षी दिसलं ते शेवटचं, असं धरून चालण्यात काही शहाणपण नाही. पुढं नावाजलेल्या हॅरी केनला आर्सेनलनं आठ-नऊ वर्षांचा असताना सोडून दिलं होतं. जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडेनं अंगानं लहान म्हणून काढलं. ही उदाहरणं वरचेवर दिली जातात आणि त्यातून धीर मिळतो. मला त्यात धोकाही दिसतो: केन आणि वार्डी यांना लंडनमध्ये आणि शेफील्डमध्ये दुसरं दार चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

तेरा वर्षं हा आकडा सध्या महाराष्ट्रात महत्त्वाचा झालाय. २०२३ मध्ये बायर्न म्युनिकबरोबरच्या करारातून चौदा वर्षांखालच्या मुलांची जिल्हावार स्पर्धा घेऊन वीस जणांना म्युनिकला प्रशिक्षणासाठी पाठवायचं ठरलं. मग २०२५ मध्ये ‘प्रोजेक्ट महादेवा’ आला: तेरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या जिल्ह्याजिल्ह्यांत चाचण्या, चाळणीवर चाळणी, आणि शेवटी तीस मुलगे आणि तीस मुली यांना शिष्यवृत्ती व पुढचं प्रशिक्षण. १४ डिसेंबर २०२५ ला वानखेडे स्टेडियमवर प्रत्यक्ष मेस्सी आला, तेव्हा या योजनेचा गाजावाजा झाला. त्या तारखेची एक गंमत फारशी कुणी सांगितली नाही. बरोबर पंचवीस वर्षांपूर्वी, १४ डिसेंबर २००० ला, बार्सिलोनातल्या एका टेनिस क्लबमध्ये बार्सिलोना फुटबॉल क्लबच्या कार्लेस रेशाक यांनी कागदी नॅपकिनवर चार ओळी लिहून तेरा वर्षांच्या मेस्सीला घ्यायचं कबूल केलं होतं. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनं घेणारं, वयाच्या मानानं फारच लहानखुरं पोरगं. सप्टेंबरात त्याची चाचणी झाली होती आणि क्लबमधले लोक तीन महिने घोळ घालत बसले होते: एवढ्याशा पोरावर, परदेशी पोरावर, त्याच्या औषधांवर पैसे घालायचे का? रेशाकना ते पोरगं बघायला काही मिनिटं पुरली असं ते सांगतात. तो नॅपकिन २०२४ मध्ये लंडनच्या बॉनहॅम्सच्या लिलावात सात लाख बासष्ट हजार चारशे पौंडांना गेला. मला मात्र त्या गोष्टीत रेशाकपेक्षा मेस्सीचा बाप महत्त्वाचा वाटतो. पोराला घेऊन तो रोझारिओहून समुद्र ओलांडून बार्सिलोनाला गेला आणि उत्तर मिळेपर्यंत तगादा लावत राहिला. चाचणीला पोचणं हीच पहिली चाचणी असते. तिथं निवड करणारा अजून मैदानावर आलेलाही नसतो.

लिंबागणेशच्या पोराला जिल्ह्याच्या चाचणीला जायचं म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरवर बीड. सकाळी सातला हजर राहायचं तर पहाटेची एसटी किंवा काळी-पिवळी. बरोबर मोठं माणूस हवं, म्हणजे एका माणसाचा रोज बुडाला. चाचणी पार पडली तर पुढं विभागाला, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, तिथून पुढं पुणे किंवा मुंबई. प्रत्येक पायरीला पोरांची संख्या घटते, ती सगळी खेळानं घटते असं समजणं भाबडेपणाचं. काही जण भाड्यानं गळतात, काही ओळखपत्रावरच्या नावातल्या वेलांटीनं. मुलींचं आणखी एक: हाफ पँट. लिंबागणेशात सरांनी मुलींना लेगिंग्जवर खेळायला सांगितलं आणि तो प्रश्न एका दिवसात मिटवला. बाहेरगावी मुक्काम आला की मात्र महिला शिक्षिका सोबत असल्याशिवाय एकही घर मुलगी पाठवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

बीडमध्ये या सगळ्याच्या वर ऊस आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल पावसाळ्यातच घेतलेली आणि बहुतेक खर्चलेली असते, त्यामुळं जायचं की नाही हा प्रश्नच नसतो. बारा-तेरा वर्षांचं पोरगं बरोबर गेलं तर वाढं गोळा करतं, धाकट्यांना सांभाळतं, मोळ्या उचलायला हात लावतं. मागं राहिलं तर आजीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. सरकारनं २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं करायचं ठरवलं, प्रत्येकी शंभर मुलांचं. त्याचा उपयोग होतोय, पण टोळीबरोबर जाणारी पोरं अजून आहेत.

आता हे शालेय स्पर्धांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. तालुका आणि जिल्हा पातळीचे सामने पावसाळ्यात उरकतात. संघ जिंकत गेला तर विभाग आणि राज्य दसऱ्या-दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे संघ हरला तर काही अडचण नाही. जिंकला तर पुढच्या फेरीच्या वेळी बचावातला एक जण कोल्हापूरकडं फडात असणार आणि गोलकीपर आजारी आजीपाशी. सरांच्या वहीत निवडलेल्या नावांपुढं काही ठिकाणी पेन्सिलीनं बारीक ‘ऊ’ काढलेला आहे. जाणारी पोरं. ती खूण दिसली तेव्हा मी विचारलं, की ऑक्टोबरात जाणार हे माहीत असताना ऑगस्टमध्ये त्याची जागा का अडवायची? दुसऱ्या एखाद्या पोराला द्यावी. शेजारच्या गावातले एक सहकारी असंच करतात, सरांनीच सांगितलं. त्यांचा संघ स्थिर राहतो, निकालही बरे लागतात.

“तसं केलं तर दोन वर्षांत ऊसवाल्यांची पोरं चाचणीलाच येणार नाहीत,” सर म्हणाले. “त्यांना कळतंच की. मग माझ्याकडं राहणार कोण? नोकरदारांची चार आणि दुकानदारांची पाच.”

मला सरांचंच बरोबर वाटतं. सहकाऱ्यांच्या गणितात चूक नाही, पण ते गणित या मोसमाचं आहे. सरांनी तिढा सोडवायला साधा उपाय केलाय. अठरा नावं घ्यायची, तर चोवीस जणांना सराव द्यायचा. दोन गोलकीपर कायम तयार. प्रत्येक पोराला दोन जागांवर खेळवायचं, म्हणजे कुणी गेलं तर भोक पडत नाही. तेवीस नंबरला त्यांनी मधल्या फळीत घेतलं. कबड्डीवाल्यालाही सोडलं नाही. त्याला गोलमध्ये उभा केला, कारण झेप आणि हात दोन्ही त्याच्याकडं होते.

ज्यांना घेतलं नाही त्यांना कसं सांगायचं, यावर आपल्याकडं कुणी विचार करत नाही. यादी फळ्यावर लागते, पोरं बोटानं शोधतात, नसलेली मागच्या मागं निघून जातात. नॉर्वेनं १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी नियमच करून ठेवलेत; अकरा वर्षांच्या आतल्यांचे निकाल, गुणतक्ते, क्रमवाऱ्या लावायच्या नाहीत. तो श्रीमंत आणि थोड्या लोकांचा देश, तिथलं सगळं इथं चालणार नाही. सर एवढंच करतात की यादी लावायच्या आदल्या संध्याकाळी न घेतलेल्या प्रत्येकाला बाभळीखाली बोलावून दोन वाक्यं सांगतात. काय बरं होतं आणि काय कमी पडलं. एका पोराला मी बोलताना ऐकलं. “डाव्या पायानं चेंडू लागतच नाही तुला. रोज भिंतीवर शंभर मार. दिवाळीपर्यंत.” पोरगं मान हलवत होतं, पण त्याचा एक भाऊ निवडला गेला होता आणि त्याचं लक्ष तिकडंच होतं. त्याच्या बापानं रात्री सरांना फोन करून चार शब्द सुनावले. “दोघं एका घरातले, एकालाच घेता म्हणजे काय गुर्जी?” सरांच्या मते तो फोन यायला हवा होता. निदान बापाला कळलं की पोरगं खेळतंय.

दुसरी चाचणी ते एप्रिलमध्ये घेतात. गाळप संपून कारखान्यांचा पट्टा पडतो, टोळ्या परततात, पाडवा आटोपलेला असतो, परीक्षा संपायला आलेल्या असतात. त्या चाचणीचा कुठल्याही स्पर्धेशी संबंध नाही. एप्रिलात शालेय सामने नसतात, क्रीडा कार्यालयाकडं तिचा कागद जात नाही, खर्चाची पावती कुठं लावता येत नाही. मैदान भाजून निघालेलं असतं. म्हणून खेळ सकाळी सहा ते आठ, आणि पिण्याचा ड्रम एका घरून येतो. पाच-सहा महिने फडावर राहून आलेली पोरं उंच झालेली असतात, खांद्यांत भरलेली असतात, आणि चेंडू मात्र पायाला पूर्वीसारखा लागत नाही. पहिले चार दिवस त्यांचे असेच जातात. त्या चार दिवसांत सर वही उघडत नाहीत. पाचव्या दिवशी मार्कर काढतात, दंडावर आकडे लिहितात आणि जून उघडला की ज्यांना बोलवायचं त्यांची नावं तेव्हाच ठरवून टाकतात. पेन्सिलीचा ‘ऊ’ या यादीत कुठंच नसतो. मी विचारलं तर म्हणाले, “एप्रिलात सगळेच घरी असतात की.”